जिवंत कुंपण

परसबागेचा विचार सुरू झाला की आपले मन वांगी, मिरच्या, शेवगा, फार तर एखादे लिंबाचे झाड, इथेच घुटमळते. कुंपण आठवते ते शेजाऱ्याची शेळी वाफा फस्त करून गेल्यावर! मग घाईघाईने बाभळीच्या काटेरी फांद्या ओढून आणायच्या, त्या कुजल्या की पुन्हा नव्या आणायच्या. तारेचे कुंपण म्हणजे पैशाचे काम. त्यापेक्षा झुडपांचे जिवंत कुंपण बरे, कारण ते वर्षागणिक दाट होत जाते. मात्र ते नीट निवडले पाहिजे, आणि पहिली दोन वर्षे त्याच्यावर कात्री निर्दयपणे चालली पाहिजे.

निवडताना आधी स्वतःला विचारावे, आपल्याला अडवायचे कुणाला? गाय-म्हैस अंगाने रेटा देते. तिला काटाच पाहिजे. तिथे करवंद किंवा सागरगोटा लावावा. शेळीचे तसे नाही. ती मागच्या दोन पायांवर उभी राहून तुमचे कुंपणच खाऊन टाकते. तिच्यासाठी पाला कडू हवा. अडुळसा, निरगुडी, कोयनेल यांच्या वाटेला शेळी सहसा जात नाही. शिवाय अडुळसा खोकल्याला आणि निरगुडी सुजेवर घरात उपयोगी पडते, हा वरचा लाभ. खाडीकाठच्या खारट जमिनीत कोयनेलीसारखे झुडूप नाही. ती तिथे मुळातच रानटी वाढते. देशावर कमी पावसाच्या गावी मेंदी चांगली. कोकणातल्या कातळावर करवंद, पण ते सावकाश वाढते. घाई असेल त्याने त्याच्या नादी लागू नये.

शिक्षक मंडळींना इथे एक गोष्ट मुद्दाम सांगायची आहे. शाळेभोवती पुष्कळ ठिकाणी चंद्रज्योत, म्हणजे मोगली एरंड, लावलेला असतो. छाट खोचली की रुजते, गुरे तोंड लावत नाहीत, म्हणून तो सोपा. 2003 नंतर बायोडिझेलच्या निमित्ताने त्याचा बराच गाजावाजाही झाला. पण त्याच्या बिया चवीला शेंगदाण्यासारख्या लागतात. मधल्या सुटीत मुले त्या फोडून खातात आणि तासा-दोन तासांत वांत्या, जुलाब सुरू होतात. असे प्रकार आपल्या राज्यात एकदा नव्हे, अनेकदा घडले आहेत. कण्हेर तर मुळापासून फुलापर्यंत विषारी, आणि मुले जिच्या बियांनी खेळतात ती बिट्टीही तशीच. शेराचा चीक डोळ्यांत गेला तर असह्य आग होते, दृष्टीलाही धोका असतो. अशा वेळी डोळा स्वच्छ पाण्याने भरपूर धुवावा आणि तडक दवाखाना गाठावा. शेताच्या बांधावर शेर असला तर असो, शाळेच्या आवारात तो नको. चंद्रज्योत असेल तर यंदाच काढा. तिच्या जागी मेंदी किंवा अडुळसा लावा.

आता लागवड. मे महिन्यात दीड फूट रुंद आणि तेवढाच खोल चर खणावा, आठ-पंधरा दिवस उन्हात तापू द्यावा आणि चांगले कुजलेले शेणखत मिसळून भरून घ्यावा. पाऊस नीट स्थिरावला की पेन्सिलीएवढ्या जाडीच्या, वीत-दीड वीत लांबीच्या छाटण्या घ्याव्यात आणि दोन-तृतीयांश भाग मातीत जाईल अशा किंचित तिरक्या खोचाव्यात. एकाच ओळीत लावू नयेत. दोन ओळी कराव्यात, फूटभर अंतराने, आणि मागच्या ओळीतले झाड पुढच्या दोन झाडांच्या मधोमध यावे. करवंद मात्र बियांचे करावे, आणि बी ताजेच पेरावे. जुने झालेले बी उगवत नाही.

खरी चूक होते ती पुढेच. रोप गुडघ्याएवढे झाले की आपल्याला आनंद होतो आणि कात्री लावायला जीव होत नाही. मीही पहिल्या खेपेला तेच केले. दोन वर्षांत मेंदी छातीइतकी उंच झाली. वरून पाहावे तर हिरवीगार, आणि खालून कोंबड्या खुशाल ये-जा करीत होत्या! कारण साधे आहे. शेंडा वाढत असतो तोवर तो खालच्या डोळ्यांना फुटू देत नाही. शेंडा कापला की ते जागे होतात. म्हणून रोप गुडघ्याला आले की वीतभर ठेवून बाकीचे छाटावे. फूट आली की आणखी चार बोटे वाढू द्यावी, पुन्हा छाटावे. पावसाळ्यात असे दोन-तीनदा करावे. कमरेइतके कुंपण व्हायला दोन-तीन वर्षे लागली तरी लागू द्यात. आकार बुडाशी रुंद आणि माथ्याकडे निमुळता ठेवावा, म्हणजे तळाच्या पानांनाही ऊन मिळते. उलटे झाले तर बुंधा उघडा पडतो. एप्रिल-मेच्या कडक उन्हात छाटणी करू नये.

कुंपणच शेत खाते म्हणतात, ते इथे अक्षरशः खरे होते. झुडपांची मुळे वाफ्यात शिरून भाजीचे खतपाणी ओढून घेतात. म्हणून वाफे कुंपणापासून तीन-चार फूट दूर असावेत. वर्षातून एकदा मधल्या पट्टीत कुदळीने फूटभर खोल चर मारला की आत शिरू पाहणारी मुळे तुटतात.

एवढे करूनही कुठेतरी एखादे झाड मरतेच, आणि शेळीला नेमके ते भगदाड सापडते! तिथे नवीन रोप लावून उपयोग नाही. मोठ्या झाडांच्या सावलीत ते खुरटते. अडुळसा किंवा कोयनेल असेल तर शेजारच्या झाडाची खालची लांब फांदी भगदाडात वाकवावी, मधला भाग मातीत दाबून वर एक दगड ठेवावा आणि शेंडा बाहेर राहू द्यावा. पावसाळ्यात तिला मुळे फुटतात. मुळे चांगली धरल्याशिवाय ती मूळ झाडापासून तोडू नये, आणि तोवर त्या जागी बाभळीची एक काटेरी फांदी आडवी टाकून ठेवावी.