हवेपुरतं कुलूप

ब्रिटनची युवराज्ञी डायना एका मित्राशी फोनवर काय बोलली, हे १९९२ च्या ऑगस्टमध्ये सगळ्या देशाने वर्तमानपत्रात वाचलं. संभाषण १९८९ च्या अखेरचं होतं. मित्र मोबाइलवरून बोलत होता आणि एका हौशी रेडिओवाल्याने ते घरबसल्या टिपलं होतं. जुन्या अॅनालॉग मोबाइलचा आवाज हवेत उघडाच फिरायचा, स्कॅनर घेऊन बसलं की कानावर पडायचा. अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहाचे सभापती न्यूट गिंगरिच यांचं राजकीय खलबत १९९६ च्या डिसेंबरमध्ये फ्लोरिडातल्या एका जोडप्याने असंच गाडीतल्या स्कॅनरवर ऐकलं.

या उघडेपणावर उतारा म्हणून डिजिटल मोबाइल आला. १ जुलै १९९१ रोजी फिनलंडचे माजी पंतप्रधान हारी होल्केरी यांनी जीएसएम या डिजिटल प्रणालीवरचा पहिला कॉल केला. आपल्याकडे ३१ जुलै १९९५ रोजी पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कोलकात्याहून दिल्लीला केंद्रीय दूरसंचारमंत्री सुखराम यांना फोन लावला, तोही जीएसएमवरूनच. आता बोलणं अंकांत बदलून, वर सांकेतिकरणाचं (एन्क्रिप्शनचं) कुलूप लावून हवेत सोडलं जात होतं. त्या कुलपाचं नाव ए५/१.

ते किती मजबूत ठेवायचं, हे १९८० च्या दशकात युरोपातल्या बंद खोल्यांत ठरलं. तिथे काय घडलं, ते नॉर्वेच्या 'आफ्टेनपोस्टेन' दैनिकाने २०१४ च्या जानेवारीत त्या काळच्या अभियंत्यांना बोलतं करून छापलं. मूळ विचार १२८ बिटांच्या किल्लीचा होता. ब्रिटिशांना ती ४८ बिटांवर आणायची होती. पश्चिम जर्मनी अडून बसला, कारण त्याच्या सीमेपलीकडेच पूर्व जर्मनीचे कान होते. अखेर तडजोड झाली ती ६४ वर. पुढे १९९८ मध्ये संशोधकांनी सिमकार्डातली गणितं उलगडली, तेव्हा दिसलं की त्या ६४ पैकी १० बिट कायम शून्यच ठेवलेले आहेत. म्हणजे खरी किल्ली ५४ बिटांची. शोधणाऱ्याचं काम १,०२४ पटींनी सोपं करून दिलेलं होतं. युरोपबाहेर निर्यात करण्यासाठी तर ए५/२ नावाची मुद्दाम आणखी दुबळी केलेली धाकटी आवृत्तीही तयार होती.

या सगळ्यात फोन विकत घेणारा माणूस कुठेच नव्हता, ही गोष्ट मला सर्वांत जास्त खटकते. त्याच्या बोलण्याला किती आडोसा द्यायचा, हे ते बोलणं ऐकू इच्छिणाऱ्यांनीच ठरवलं.

वर सगळी रचना गुप्त ठेवली. कुलूप कसं बनवलंय हे जगाला कळलं तरी किल्लीवाचून ते उघडता कामा नये, हे गुप्तलेखनाचे अभ्यासक ऑग्युस्त केरखॉफ्स यांनी १८८३ मध्येच लिहून ठेवलं होतं. जीएसएमवाल्यांनी उलट वाट धरली आणि ती फार पुरली नाही. १९९४ मध्ये केंब्रिजच्या रॉस अँडरसन यांनी ए५/१ चा आराखडा उघड केला, तर १९९९ मध्ये मार्क ब्रिसेनो यांनी चालू फोनमधूनच त्याची संपूर्ण रचना काढून दाखवली. त्याच वर्षी अॅलेक्स बिर्युकोव्ह आणि आदी शमीर यांनी सांगितलं की, पूर्वतयारी केलेली असेल, तर हे कुलूप साध्या पीसीवरही उघडता येतं.

२००३ चा शोध मला याहून मोलाचा वाटतो. इस्रायलच्या टेक्निऑन संस्थेतले एलाद बार्कन, एली बिहाम आणि नेथन केलर यांनी दोष कुलपात नव्हे, तर कामाच्या क्रमात शोधला. हवेतून येताना काही बिट बिघडतात. ते दुरुस्त करता यावेत म्हणून संदेशात थोडी पुनरुक्ती भरावी लागते. जीएसएममध्ये ही पुनरुक्ती आधी भरली जाते आणि कुलूप नंतर लागतं. त्यामुळे आतला मजकूर ठाऊक नसला, तरी त्यातल्या कोणत्या बिटांचं एकमेकांशी काय नातं आहे ते आधीच माहीत असतं आणि तेवढा धागा किल्लीपर्यंत पोहोचायला पुरतो. या वाटेने ए५/२ सेकंदाच्या आत उघडलं.

तरीही उद्योगाचं म्हणणं एकच राहिलं, प्रत्यक्षात हे कुणाला जमणार नाही. जर्मन संशोधक कार्स्टन नोल यांनी २००९ च्या डिसेंबरमध्ये बर्लिनच्या परिषदेत त्यावर पडदा टाकला. जगभरातल्या स्वयंसेवकांच्या संगणकांवर तयार करून घेतलेले, ए५/१ ची किल्ली शोधून देणारे सुमारे दोन टेराबाइटचे तक्ते त्यांनी खुले केले. पुढच्याच वर्षी सिल्वां म्युनो यांच्यासोबत त्यांनी मोटोरोलाचे जुने, स्वस्त फोन वापरून कॉल ऐकण्याचं प्रात्यक्षिक केलं.

कुलूप फोडण्याचेही कष्ट नकोत, तर त्याहून सोपी वाट होतीच. जीएसएममध्ये फोनला टॉवरपुढे ओळख पटवावी लागते, टॉवरला फोनपुढे नाही. त्यामुळे कुणीही खोटा टॉवर उभा करून आसपासचे फोन स्वतःकडे ओढावेत आणि 'कुलूप लावू नकोस' असं सांगावं. कुलूप नसल्याची खूण फोनच्या पडद्यावर दाखवावी, अशी तरतूद मानकात आहे. मात्र ती खूण दडवण्याची मुभा कंपनीला सिमकार्डातूनच दिलेली आहे! २०१० च्या एप्रिलमध्ये 'आउटलुक'ने बातमी दिली की, आपल्या गुप्तचर यंत्रणा हवेतूनच कॉल पकडणारी उपकरणं वापरून शरद पवारांसह अनेक नेत्यांचं बोलणं ऐकत होत्या. ही पद्धत कंपनीला वळसा घालते, त्यामुळे कंपनीच्या दप्तरात तिची नोंदही राहत नाही.

जीएसएमनंतर आलेल्या थ्रीजीने या चुका सुधारल्या. किल्ली १२८ बिटांची झाली आणि टॉवरलाही ओळख पटवणं भाग पडलं. पण ते कुलूपही हवेपुरतंच. कंपनीच्या जाळ्यात शिरल्यावर बोलणं पुन्हा उघडं होतं आणि तिथे भिंत असते ती फक्त कायद्याची. ही भिंत आपल्याकडे हळूहळू रचली गेली. टेलिफोनवरचं बोलणं हा खासगीपणाच्या हक्काचा भाग आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये सांगितलं आणि २०१७ मध्ये नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणाला मूलभूत हक्क मानलं. मुंबई उच्च न्यायालयाचा २०१९ चा निकाल मला या रांगेत महत्त्वाचा वाटतो. लाचखोरीच्या एका प्रकरणात एका व्यावसायिकाचे फोन ऐकण्याचे आदेश न्यायालयाने रद्द केले आणि ध्वनिमुद्रणं नष्ट करायला लावली. सार्वजनिक सुरक्षेला धोका असल्याचं दाखवल्याशिवाय कान लावता येणार नाही, हे तिथे नुसतं बोललं गेलं नाही, अमलात आणलं गेलं.

२०१६ च्या एप्रिलमध्ये व्हॉट्सअॅपने कुलूप एका फोनपासून थेट दुसऱ्या फोनपर्यंत नेलं. ते फोडण्याऐवजी पेगॅसससारखं हेरगिरीचं सॉफ्टवेअर फोनच्या आतच शिरतं. तो वेगळ्याच मागोव्याचा विषय आहे.

ए५/१ मात्र अजून इतिहासजमा झालेलं नाही. मोबाइलसेवेला पंचवीस वर्षं झाली तेव्हा, २०२० मध्ये, मुकेश अंबानींनी देशात ३० कोटी ग्राहक टूजीवर, म्हणजे याच जुन्या जीएसएमवर, असल्याचं सांगितलं होतं. नंतर ते कमी झाले असतील, पण बटणांचे फोन शेतमजुरांच्या आणि घरकामाला जाणाऱ्या बायकांच्या हातात आजही दिसतात. त्यांच्या बँकेचा ओटीपी याच हवेतून येतो. स्मार्टफोनवाल्याला अँड्रॉइड १२ पासून अनेक फोनमध्ये टूजी बंद करण्याची सोय मिळाली आहे. टूजीशिवाय दुसरं जाळं न पकडणाऱ्या फोनला तिचा काय उपयोग? टूजीवरही ए५/३ हे अधिक भक्कम कुलूप लावता येतं, फक्त फोन आणि टॉवर दोन्हीकडे त्याची तयारी लागते. ते कोणत्या कंपनीने कुठे सुरू केलं आहे आणि कुठे नाही, हे गावनिहाय जाहीर करायला दूरसंचार नियामकाने कंपन्यांना भाग पाडावं. १९८० च्या दशकात ग्राहकाला कुणी विचारलं नाही, आता त्याला निदान सांगितलं तरी पाहिजे.