छायाचित्राचे स्वरूप बदलताना

शिष्यवृत्ती, प्रवेश परीक्षा, नोकरभरती अशा बहुतेक कामांचे अर्ज आज इंटरनेटवरूनच भरावे लागतात. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळ्या झालेल्या वाशिम जिल्ह्यातही, मग ते रिसोड असो वा मानोरा, कारंजा असो वा मंगरूळपीर, हे काम सेवा केंद्रात होते किंवा घरच्या मोबाइलवर. अर्ज पुष्कळदा अडतो तो एका लहानशा अटीवर: छायाचित्र व स्वाक्षरी ‘जेपीजी’ स्वरूपात आणि ठरावीक किलोबाइटच्या आत असावी. मग घाईने शोध घेतला जातो आणि जे संकेतस्थळ प्रथम समोर येते, त्याच्या हाती छायाचित्रच नव्हे, तर आधार कार्ड आणि जातीचा दाखलाही सोपवला जातो. वास्तविक हे रूपांतर आपल्याच ब्राउझरमध्ये, फाइल कोठेही न पाठवता होऊ शकते. ते कसे होते, हे प्रत्येक पालकाने व विद्यार्थ्याने समजून घेणे हिताचे आहे.

स्वरूप म्हणजे काय?

संगणकाच्या दृष्टीने चित्र म्हणजे रंगीत ठिपक्यांची जाळी. ४००० गुणिले ३००० ठिपक्यांच्या छायाचित्रात १ कोटी २० लाख ठिपके असतात. प्रत्येकाच्या रंगासाठी ३ बाइट धरले, तर एकाच चित्राला सुमारे ३६ मेगाबाइट जागा लागेल. ही जागा वाचवण्याच्या निरनिराळ्या रीती म्हणजेच निरनिराळी स्वरूपे होत.

१९९२ साली प्रमाणित झालेली जेपीजी पद्धत चित्राचे ८ गुणिले ८ ठिपक्यांचे चौकोन करते आणि डोळ्याला सहसा न जाणवणारे बारकावे टाकून देते. १९९६ साली आलेली पीएनजी पद्धत काहीच टाकत नाही. म्हणून ती अक्षरे, आकृत्या व पारदर्शक पार्श्वभूमी यांसाठी उत्तम, मात्र छायाचित्रासाठी जड ठरते. गूगलने २०१० साली वेबपी हे स्वरूप आणले. २०१७ पासून आयफोन ‘एचईआयसी’ स्वरूपात छायाचित्रे साठवू लागला. ही फाइल जागा कमी घेते, परंतु अनेक शासकीय संकेतस्थळे ती स्वीकारत नाहीत.

फाइलच्या नावातील शेवटची अक्षरे बदलली म्हणजे स्वरूप बदलले, असा एक समज आहे. तो चुकीचा आहे. गव्हाच्या पोत्यावर तांदळाची चिठ्ठी लावल्याने आत तांदूळ येत नाही.

ब्राउझरमध्ये काय घडते?

रूपांतराच्या तीन पायऱ्या आहेत. प्रथम ब्राउझर मूळ फाइल उलगडून ठिपक्यांची जाळी तयार करतो. नंतर ती जाळी ‘कॅनव्हास’ नावाच्या अदृश्य फलकावर रेखाटली जाते. शेवटी फलकावरील चित्र नव्या स्वरूपात बांधले जाते. हे सर्व आपल्याच यंत्राच्या स्मृतीत घडते. एचईआयसीसारखी फाइल क्रोमला स्वतःहून उलगडता येत नाही; तेव्हा संकेतस्थळ त्यासाठी लागणारा छोटा प्रोग्रॅम ब्राउझरमध्ये आणून चालवते. गूगल क्रोमच्या चमूने २०१८ साली खुले केलेले ‘स्क्वूश’ हे अशा ‘जागच्या जागी’ काम करणाऱ्या साधनांचे परिचित उदाहरण होय.

दुसऱ्या प्रकारची संकेतस्थळे मात्र फाइल स्वतःच्या दूरच्या संगणकावर मागवून घेतात. तिचे पुढे काय होते, हे आपल्याला दिसत नाही. मार्च २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयच्या डेन्व्हर कार्यालयाने मोफत रूपांतर साधनांविषयी जाहीर इशारा दिला होता. काही साधने काम करून देतात, पण परत मिळणाऱ्या फाइलबरोबर घातक प्रोग्रॅम येऊ शकतो आणि सोपवलेल्या कागदपत्रांतील खासगी माहितीही काढून घेतली जाऊ शकते, असा त्याचा आशय होता.

ओळखावे कसे?

एक सोपी कसोटी आहे. संकेतस्थळ पूर्ण उघडू द्यावे, मग इंटरनेट बंद करावे आणि त्यानंतरच फाइल निवडावी. तरीही रूपांतर झाले, तर काम आपल्याच यंत्रावर झाले असे समजावे. नवी फाइल जतन करून ते पान बंद करावे आणि मगच इंटरनेट सुरू करावे. काम अडले, तर तेथे ओळखपत्रे देऊ नयेत. ही कसोटी प्रथम एखाद्या फुलाच्या किंवा झाडाच्या छायाचित्रावर करून पाहावी.

काही व्यावहारिक सूचना

१. फाइल लहान करताना आधी लांबी-रुंदी कमी करावी, मग दर्जा. लांबी व रुंदी निम्मी केली की ठिपके एक चतुर्थांश उरतात आणि चेहरा स्पष्ट राहतो. मोठ्या चित्राचा केवळ दर्जा उतरवला, तर चेहऱ्यावर चौकोन उमटतात.

२. जेपीजीमध्ये पारदर्शकता नसते. पारदर्शक पीएनजीतील स्वाक्षरी जेपीजी केली, तर पार्श्वभूमी काळी होऊन काळ्या शाईतील सही दिसेनाशी होऊ शकते. म्हणून आधी मागे पांढरा रंग भरावा किंवा पांढऱ्या कागदावर सही करून तिचे छायाचित्र घ्यावे.

३. जेपीजीचे पीएनजी केल्याने गेलेले बारकावे परत येत नाहीत. जेपीजी पुन्हा पुन्हा जतन केल्यास चित्र अधिकच बिघडते. यास्तव प्रत्येक वेळी मूळ फाइलपासूनच रूपांतर करावे; व्हॉट्सॲपवरून फिरून आलेली प्रत मूळ मानू नये.

४. मोबाइलने काढलेल्या छायाचित्रात तारीख आणि कधीकधी ठिकाणाचे अक्षांश-रेखांशही नोंदलेले असतात. कॅनव्हासवरून जाताना या नोंदी गळून पडतात. अर्जासाठी ते चांगलेच; पण सोयाबीनच्या नुकसानीचा पुरावा म्हणून काढलेल्या छायाचित्राची या नोंदी असलेली मूळ फाइल अवश्य जपून ठेवावी.

५. आयफोनच्या सेटिंग्जमध्ये कॅमेरा, त्यात फॉरमॅट्स आणि तेथे ‘मोस्ट कम्पॅटिबल’ हा पर्याय निवडल्यास पुढील छायाचित्रे जेपीजी स्वरूपातच निघतात. रूपांतराची गरजच उरत नाही.

कित्येक घरांत पहिला ऑनलाइन अर्ज भरणारे हात शाळकरी मुलांचेच असतात. शेवटची तारीख जवळ आली की सावधगिरी सुटते. म्हणून योग्य मापाचे छायाचित्र, स्वाक्षरी आणि दाखल्यांच्या प्रती आधीच तयार करून एका फोल्डरमध्ये ठेवाव्यात. जे शिक्षक व सेवा केंद्रचालक मुलांना अर्ज भरण्यास साहाय्य करतात, त्यांनी वरील कसोटी एकदा त्यांच्यासमोर करून दाखवावी. दाखला पुन्हा काढता येतो. एकदा परक्याच्या हाती गेलेली माहिती परत मागता येत नाही.