आधी कृती, मागून उल्हास

उदास माणसाला ‘आनंदी राहा’ असा उपदेश करणारे आप्तेष्ट घरोघरी असतात, आणि त्यांचा हेतू कितीही शुद्ध असला तरी त्या उपदेशाने दुःखात अपराधीपणाची भर तेवढी पडते; कारण प्रसन्न होण्याचे फर्मान मन मानीत नाही, हे ज्याचे मन खचले आहे त्याच्याइतके कोणाला ठाऊक असणार? मग आनंद निवडता येतो या म्हणण्यात तथ्य किती? गेल्या अर्धशतकातील मानसशास्त्राने याचे दिलेले उत्तर मला फार मोलाचे वाटते: भावनेवर आपला अंमल चालत नाही, परंतु कृतीवर, खचलेल्या अवस्थेतही, थोडासा चालतो, आणि कृती बदलली की भावना, विलंबाने का होईना, तिच्यामागून येते.

अमेरिकेतील ओरेगॉन विद्यापीठात पीटर लेविन्सन यांनी १९७०च्या दशकात ही उपपत्ती मांडली. आघात झाला की मनुष्य चारचौघांत जाणे टाळतो, भजन सुटते, फिरणे सुटते, ज्या लहानसहान गोष्टींतून नकळत समाधान मिळत असे त्या एकेक करून गळतात, आणि समाधानाची आवक अशी खुंटली म्हणजे वाढलेली उदासी त्याला आणखीच एकाकी करते. पुढे १९९६ साली नील जेकबसन यांनी सुमारे १५० रुग्णांवर प्रयोग करून दाखवले की, विचार बदलण्याच्या संपूर्ण उपचारपद्धतीने जेवढा गुण येतो, तेवढाच दिनक्रमात कृती परत आणण्याच्या तिच्या एका भागानेही येतो.

या पद्धतीचे मुख्य साधन म्हणजे साधी रोजनिशी. समजा, एखाद्या गृहिणीने लिहिले: ‘सकाळी सात ते आठ, अंथरुणातच, मन दहापैकी दोन. दुपारी चार, शेजारीण आली, दोघींनी चहा घेतला, दहापैकी चार.’ या दोन गुणांच्या फरकावर समुपदेशक बोट ठेवतो, आणि उद्या चारच्या सुमारास आपणच शेजारणीकडे जाण्याची तजवीज दोघे मिळून करतात. मन होईपर्यंत थांबायचे नाही, ठरल्या वेळी उठायचे, हा यातील कळीचा नियम. पाऊल मात्र इतके लहान ठेवायचे की खचलेल्या माणसालाही ते झेपावे. तुळशीला पाणी घालण्यापासून आरंभ झाला तरी पुरे.

ही गोष्ट आपल्याकडच्या दवाखान्यांत, सामान्य माणसांच्या हातून साधेल काय? डॉ. विक्रम पटेल आणि गोव्यातील ‘संगाथ’ संस्था यांनी तेथील दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत ही कसोटी घेतली. तीव्र नैराश्याचे ४९५ रुग्ण निवडून त्यांपैकी निम्म्यांना नेहमीच्या उपचारांखेरीज सहा ते आठ भेटींचा हा कार्यक्रम दिला, आणि तो देणारे समुपदेशक मानसोपचाराचे पूर्वशिक्षण नसलेले, खास प्रशिक्षण देऊन तयार केलेले स्थानिक लोक होते. तीन महिन्यांनी नेहमीच्या उपचारांवरील शंभरांपैकी ३९ जण नैराश्यातून सावरले होते, तर या कार्यक्रमातील ६४. ‘लॅन्सेट’ने २०१७ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध केले, वर्षभरानंतरच्या तपासणीतही लाभ टिकलेला आढळला.

उरलेल्या छत्तिसांचा विसर पडता कामा नये. कर्जाचा तगादा, घरातील मारहाण, ताजा पुत्रशोक यांवर फेरफटका हा इलाज नव्हे, आणि गोव्याच्या कार्यक्रमातही प्रत्यक्ष अडचणी सोडवण्याला स्थान होते ते याचसाठी. काहींना औषधे लागतात, ती घेण्यात कमीपणा कसला?

म्हणून आप्तांना माझी कळकळीची विनंती आहे की, उपदेशाचे शब्द आवरावेत आणि ‘चला, मी बाजारात निघालोच आहे, बरोबर या’ एवढेच म्हणावे. उदासी दोन आठवड्यांहून अधिक काळ टिकली, झोप आणि अन्नावरची वासना उडाली, किंवा जगणे नकोसे झाल्याचे शब्द कानी आले, तर मात्र डॉक्टरांकडे जाण्यास दिरंगाई करू नये; ‘टेलिमानस’ या सरकारी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र, विनामूल्य आणि मराठीतूनही बोलता येते.