पाटी दिसली पाहिजे

सकाळी 6:00. पुणे-मुंबई द्रुतगती मार्ग, खंडाळ्याच्या पुढचा उतार. महामार्ग पोलिसांची इंटरसेप्टर उभी करण्याआधी मी मागे चालत जाऊन वेगमर्यादेची पाटी बघून येतो, रोजचा नेम आहे. आज फांदी आडवी आली होती. 60 मधला 6 पानांत बुडालेला, नुसतं शून्य दिसत होतं. कोयत्याने फांदी तोडली, ओल्या फडक्याने पाटी पुसली. ज्याला पाटी दिसलीच नाही, त्याची पावती फाडायला माझं मन घेत नाही. 2021 सालचे केंद्राचे नियमही हेच सांगतात : वेग टिपणाऱ्या यंत्राच्या आधी सूचनाफलक हवा, आणि यंत्राचं प्रमाणपत्र दरवर्षी नवं करून घ्यायला हवं.

9:10. पांढरी मोटार, वेग 90. "अहो हवालदार, सगळेच पळवत होते. मलाच का?" प्रश्न रास्त आहे. वेग मोजायची बंदूक एका वेळी एकाच गाडीवर रोखता येते, बाकीचे निसटतात. म्हणूनच गाडी निवडायची नाही. नंबर, झेंडा, आतला माणूस, काही बघायचं नाही. त्यांना फोटो दाखवला आणि हिशेब सांगितला : 60 चे 90 झाले की वेग दीडपट होतो, पण ब्रेक दाबल्यावर थांबायचं अंतर सव्वादोनपट. उतारावर त्याहूनही जास्त.

12:40. बोनेटवर झेंडा, वेग 88. "साहेबांशी बोला," म्हणून फोन पुढे केला. चलन तोवर गेलं होतं.

दुपारी 3:00. टँकर, 58. जड वाहनाला घाटात इतका वेग चालत नाही. मोकळ्या जागेत घेतला, तर चाकांतून जळक्या ब्रेक लायनरचा वास येत होता. गाडी न्यूट्रलमध्ये सोडलेली.

"डिझेल वाचतं साहेब. उशीर झाला तर मालक पैसे कापतो."

चलन केलं, पण हात जड झाला. दंड मालकाच्या नावावर निघतो आणि कापला जातो ड्रायव्हरच्या पगारातून. वेळेचं गणित मांडणारा घरी बसलेला असतो. त्याच्यापर्यंत कायदा पोचत नाही, तोवर हा न्याय अर्धाच आहे. तरी टँकर तसाच सोडला असता, तर खाली वळणावर पुढच्या मोटारीत बसलेल्यांनी काय करायचं?

"दादा, ड्रम गार होईस्तोवर हलायचं नाही." आमच्या थर्मासातला चहा दिला. पाऊण तास थांबला.

3:50. दुसरा गिअर टाकून निघाला. मागून बंदूक रोखली : 28.