अर्ध्या कॅफीनचा हिशेब

संध्याकाळच्या कॉफीची पूड मी चमच्याने घेत नाही, तोलून घेते. काट्यावर वाटी, आकडा शून्यावर, मग ५ ग्रॅम साधी पूड आणि ५ ग्रॅम डिकॅफ, म्हणजे कॅफीन काढलेली. दोन्हींची भाजणी वेगळी, दळणही वेगळं. चमचे सारखे भरले तरी वजन सारखं भरेलच असं नाही, आणि कॅफीनचा हिशेब वजनावर चालतो.

कॅफीन काढतात ते भाजण्याआधी, हिरव्या बीमधून. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मनीत ब्रेमेनच्या लुडविग रोझेलियसने बिया वाफवून बेंझीनने ते काढलं. बेंझीन विषारी, म्हणून ती रीत मागे पडली. आता मेथिलीन क्लोराइड, इथाइल ॲसिटेट, प्रचंड दाबाखालचा कार्बन डायऑक्साइड किंवा नुसतं पाणी वापरतात. एवढं भिजून-वाळून बी कच्चीच तपकिरी होते, त्यामुळे भाजताना नुसत्या रंगावर विसंबता येत नाही.

तरी कॅफीन पुरतं जात नाही. युरोपातल्या बऱ्याच देशांच्या नियमानुसार भाजलेल्या डिकॅफमध्ये ते ०.१ टक्क्यापर्यंत चालतं. अरेबिका जातीच्या साध्या कॉफीत साधारण १.२ टक्के असतं. म्हणजे साधी पूड अरेबिकाची असेल तर माझ्या वाटीत तिचे ६० मिलिग्रॅम आणि डिकॅफचे फार तर ५. नुसत्या अरेबिकाच्या १० ग्रॅममध्ये १२० असते. फिल्टरमध्ये पूड गरम पाण्यात बराच वेळ मुरते, त्यामुळे यातलं बहुतेक कॅफीन डिकॉक्शनमध्ये उतरतं.

खरी मेख साध्या पुडीत आहे. माटुंग्याला कॉफी दळून देणाऱ्या दुकानांत प्लँटेशन, पीबेरी, रोबस्टा असं विचारून घ्यावं लागतं. रोबस्टा जातीत कॅफीन २.२ टक्क्यांच्या आसपास असतं. ५ ग्रॅम रोबस्टात ५ ग्रॅम डिकॅफ मिसळलं तर बेरीज ११५ मिलिग्रॅम होते, म्हणजे जवळजवळ नुसत्या अरेबिकाएवढीच! निम्मं डिकॅफ घालूनही झोप लागत नाही म्हणणाऱ्याला मी आधी विचारते, उरलेली निम्मी कुठली?

‘चिकोरी किती?’ या दुकानदाराच्या प्रश्नालाही माझ्या लेखी मोल आहे. चिकोरी हे भाजलेलं मूळ, त्यात कॅफीन नाही. तीस टक्के चिकोरीच्या ५ ग्रॅम पुडीत कॉफी साडेतीनच ग्रॅम. ती अरेबिका असेल तर कॅफीन ४२ मिलिग्रॅम. डिकॅफचे ५ धरून सत्तेचाळीस. दाटपणा आणि कडवटपणा मात्र चिकोरी राखते, म्हणून संध्याकाळी मला हेच मिश्रण आवडतं.

निरोगी माणसाच्या शरीरातलं निम्मं कॅफीन ओसरायला सरासरी पाच तास लागतात. पाचला घेतलेल्या ४७ मिलिग्रॅमपैकी दहाला तेवीस-चोवीस उरतात. नुसत्या अरेबिकाचे साठ उरले असते. गरोदरपणात हा वेग बराच मंदावतो. तेव्हा दिवसाची मर्यादा २०० मिलिग्रॅम सांगतात, आणि त्यात चहाही धरायचा असतो. गरोदर बाई असलेल्या घरासाठी पूड घेताना पाकिटावर नुसतं ‘ब्लेंड’ लिहिलेलं असेल, अरेबिका किती आणि रोबस्टा किती हे नसेल, तर मी ते परत ठेवते.