‘वॉटरप्रूफ’ बूट आणि ओले पाय

ट्रेकिंगच्या बुटावर ‘वॉटरप्रूफ’ असे लिहिलेले असते, तेव्हा त्याचा अर्थ एवढाच असतो की बुटाच्या आवरणातून, ठरावीक उंचीपर्यंत, बाहेरचे पाणी आत शिरत नाही. पाय कोरडा राहील असे त्यात कुठेही म्हटलेले नसते. इंदूरमध्ये जून उजाडला आणि पाताळपाणी, तिंछा, चोरल, जानापावचे बेत ठरू लागले, की बुटांच्या दुकानात जास्तीचे पैसे या दोन वाक्यांतल्या फरकापायीच जातात. पावसाळी भटकंतीला वॉटरप्रूफच हवा, दुसरे काही चालत नाही, हा समज फार पक्का आहे. पहिल्यांदा डोंगर चढणारा मुलगासुद्धा दीड हजाराचा चांगला जाळीचा बूट बाजूला सारतो, चार हजारांचा वॉटरप्रूफ उचलतो आणि संध्याकाळी त्यातून पाणी ओतून काढतो. मग दोष दुकानदाराला, नाही तर कंपनीला. प्रत्यक्षात बुटाने त्याचे काम चोख केलेले असते : बाहेरचे पाणी आवरणातून आत येऊ दिलेले नसते, आणि वरून आत गेलेले बाहेर जाऊ दिलेले नसते.

बुटाचे बाहेरचे कापड किंवा चामडे आणि आतले मऊ अस्तर यांच्यामध्ये मोज्याच्या आकाराचा एक पातळ पडदा असतो. महाग बुटांत तो बहुधा ताणलेल्या टेफ्लॉनचा असतो. बॉब गोर या अमेरिकी संशोधकाने 1969 साली तापवलेली टेफ्लॉनची कांडी हळूहळू ताणण्याऐवजी एकदम झटक्याने ओढली आणि ती न तुटता कित्येक पट लांबली. त्यातूनच पुढे ‘गोर-टेक्स’ निघाले. स्वस्त बुटांत हा पडदा पॉलियुरेथेनचा असतो. दोन्हींचे तत्त्व एकच. पाण्याचा थेंब आत येत नाही, घामाची वाफ मात्र बाहेर पडू शकते. ‘शकते’ हा शब्द महत्त्वाचा आहे, आणि जाहिरातीत तोच गाळलेला असतो.

पहिली अडचण बुटाच्या तोंडाची. बूट वरून उघडा असतो, कारण त्यात पाय घालायचा असतो. पाऊस पडतो तो डोक्यावर. तिथून पाणी पॅन्टवर, पॅन्टवरून पोटरीवर आणि पोटरीवरून मोज्यात उतरते. मोजा वातीसारखे काम करतो आणि ते पाणी थेट पंजापर्यंत पोहोचवतो. रेनकोट गुडघ्यापर्यंत असेल तर काम आणखी सोपे, कारण त्याच्या कडेवरचे पाणी नेमके बुटाच्या तोंडाशी निथळते. शिवाय पडदा बुटाच्या काठापर्यंत असेलच असे नाही. दुकानात जीभ बाहेर ओढून पाहावी. जिभेच्या दोन्ही बाजूंना बुटाला जोडणारी कापडाची घडी असते. ती जिथे संपते, तिथेच बुटाचे ‘वॉटरप्रूफ’ संपते. अनेक बुटांत ती लेसच्या तिसऱ्या-चौथ्या भोकापाशीच संपलेली दिसते. कालाकुंडच्या बाजूला, चोरलच्या खोऱ्यात जुलै-ऑगस्टमध्ये वाटेवर येणारे ओढे या उंचीचा मान ठेवत नाहीत. एकदा घोट्यावरून पाणी आत गेले की तोच पडदा बादलीचे काम करतो.

दुसरी अडचण घामाची. तळपाय हा शरीरातल्या सर्वांत जास्त घाम येणाऱ्या भागांपैकी एक. वाफ बाहेर जाते ती आतल्या आणि बाहेरच्या हवेतल्या बाष्पदाबातल्या फरकामुळे. बुटाच्या आत सुमारे 33 अंश तापमान आणि पूर्ण ओलावा धरला, तर तिथला बाष्पदाब 5 किलोपास्कलच्या आसपास येतो. पावसाळ्यात बाहेर 25 अंश आणि 90 टक्के आर्द्रता असेल, तर बाहेरचा दाब 2.85 असतो, म्हणजे फरक उरतो जेमतेम सव्वादोन. हिमालयात शून्य अंशाला तो जवळजवळ दुप्पट असतो. हे पडदे तिथे नाव कमावतात आणि जानापावच्या चढावर नाव घालवतात, ते यामुळे. त्यात बाहेरचे कापड भिजून गच्च झाले की वाफेला वाटच उरत नाही. पाणी उडवून लावणारा वरचा लेप चिखलाने आणि वापराने उतरतो. तो उतरला की पडदा शाबूत असूनही पाय आतल्या आत घामाने भिजतो. ‘बूट गळतो’ ही तक्रार बरेचदा अशा घामाची असते.

खात्री करायची असेल तर घरीच करता येते. बुटात कोरडे वर्तमानपत्र घट्ट कोंबावे, परातीत पाणी घेऊन जिभेच्या घडीच्या दोन बोटे खालपर्यंत बूट त्यात उभा करावा आणि पंधरा मिनिटांनी कागद काढून पाहावा. कागद कोरडा निघाला तर पडदा ठीक आहे. डाग दिसला, तर त्याच्या जागेवरून कोणती शिवण किंवा सोलचा कोणता जोड सुटला आहे हे कळते.

तिसरी अडचण वाळण्याची, आणि ती पहिल्या दोन्हींपेक्षा त्रासदायक. जाळीचा साधा बूट ओढ्यातून बाहेर पडल्यावर पन्नास पावलांत पचपच करत पाणी टाकून देतो आणि वारा असेल तर चालता चालता निम्मा वाळतो. वॉटरप्रूफ बूट पावसाळी हवेत दोन-दोन दिवस ओला राहतो. ज्यांना सतत पाण्यात चालावे लागले त्यांनी याचा निकाल कधीच लावला आहे. अमेरिकी सैन्याने व्हिएतनामच्या जंगलासाठी जे बूट दिले, त्यांच्या तळव्यालगत आतल्या बाजूला जाळीदार भोके मुद्दाम ठेवली होती. ती आलेले पाणी बाहेर जावे म्हणून होती. पाणी आत येणारच, हे तिथे गृहीत धरले होते.

पाय ओले राहिले तर कुजतात, ही भीती खरी आहे; पण तिचे माप चुकते. पहिल्या महायुद्धात खंदकांतल्या सैनिकांना ‘ट्रेंच फूट’ झाला, तो गार चिखलाच्या पाण्यात दिवसचे दिवस उभे राहिल्याने. सकाळी महूहून निघून संध्याकाळी घरी परतणाऱ्याचे पाय फार तर सुरकुततात. परतल्यावर पाय धुऊन, बोटांच्या बेचक्या पुसून कोरडे ठेवले की पुरते. मधुमेह असलेल्यांनी मात्र ओल्या बुटातल्या घासण्याकडे दुर्लक्ष करू नये, कारण फोड आल्याचे त्यांना अनेकदा कळतच नाही. ओल्या पायांनी सर्दी होते म्हणणाऱ्यांनी विषाणू नावाची गोष्ट ऐकलेली असावी, अशी अपेक्षा आहे.

मग वॉटरप्रूफ बूट निरुपयोगी का? नाही. डिसेंबरात इंदूरहून केदारकांठ्याला जाणाऱ्याला तो हवाच. बर्फात ओला मोजा म्हणजे बोटे गमावण्याचा धोका. हिवाळ्यातल्या पहाटे दवाने भिजलेल्या गवतातून जायचे असेल, रिमझिमीत डांबरी किंवा मुरमाड वाटेने चालायचे असेल, तर तो आपले काम छान करतो. पण धो धो पाऊस, ओढे आणि दमट हवा एकत्र असताना त्यासाठी दुप्पट पैसे मोजण्यात अर्थ नाही.

‘वॉटरप्रूफ आहे म्हणजे घसरणार नाही’ हा समज आधीच्यापेक्षा धोकादायक. पडद्याचा आणि सोलचा काडीचाही संबंध नाही. माळव्याच्या कडांवरचा दगड म्हणजे बेसाल्ट. पावसाळ्यात त्यावर शेवाळ धरते. ओल्या दगडावर पकड ठरते ती रबराच्या मऊपणावर आणि रबराचा किती भाग दगडाला टेकतो त्यावर. खोल, टोकदार खाचांचा सोल चिखलात कामाचा. गुळगुळीत दगडावर त्याचा टेकणारा भाग उलट कमी होतो. काळ्या मातीत तर बारीक खाचा दहा पावलांत भरतात आणि प्रत्येक पायाला किलोभर माती लटकते. तिथे खाचा एकमेकींपासून लांब असलेल्या बऱ्या. दुकानात सोलमध्ये नख रुतवून पाहावे. प्लॅस्टिकसारखे टणक लागले तर बूट कितीही देखणा असो, ठेवून द्यावा. सह्याद्रीत अनेक वर्षे भटकणारी मराठी मंडळी ‘अ‍ॅक्शन’चे साधे ट्रेकिंग शूज घालत आली ती त्यांच्या सोलच्या भरवशावर, आणि त्या बुटांना वॉटरप्रूफ कोणी म्हटले नव्हते. शेवाळलेल्या खडकावर मात्र पूर्ण भरवसा कोणत्याच रबराचा नाही. 17 जुलै 2011 रोजी पाताळपाण्याला अचानक वाढलेल्या पाण्यात माणसे वाहून गेली. तशा लोंढ्यात बुटाची किंमत पाहिली जात नाही.

उंच घोट्याचा बूट घातला की पाय मुरगळत नाही, असेही ठामपणे सांगितले जाते. 1993 साली ‘अमेरिकन जर्नल ऑफ स्पोर्ट्स मेडिसिन’मध्ये छापून आलेल्या एका अभ्यासात सहाशेहून अधिक बास्केटबॉल खेळाडूंना चिठ्ठीपद्धतीने उंच आणि ठेंगणे बूट दिले होते; या गटांतल्या दुखापतींत म्हणण्यासारखा फरक आढळला नाही. मैदान म्हणजे डोंगर नव्हे हे मान्य. पण उंच बूट खडे आणि काटे अडवतो, एवढ्यावरच तो घ्यावा.

बाकीचे समज थोडक्यात निपटता येतात. चामडे जात्याच वॉटरप्रूफ नसते; मेण लावल्याने ते पाणी उशिरा पिते, एवढेच. खोबरेल तेल चोपडल्याने चामडे ढिले पडते. सुती मोजे पाणी धरून ठेवतात आणि फोड आणतात. लोकरीचे किंवा कृत्रिम धाग्याचे घ्यावेत, आणि खर्च करायचाच तर आधी यांच्यावर. नेहमीच्याच मापाचा बूट घेऊ नये : संध्याकाळी, पाय फुगलेले असताना, जाड मोजा घालून पाहावा, उतारावर अंगठा पुढे आपटायला नको. ओला बूट चुलीजवळ किंवा हीटरपुढे वाळवला तर सोलचा डिंक सुटतो. आत कागद कोंबून सावलीत ठेवावा.

शेवटी सवलतीत मिळणाऱ्या महाग बुटाविषयी. चांगल्या कंपनीचा बूट न वापरता ठेवला तर नवाच राहतो, हे खरे नाही. अनेक बुटांचा मधला मऊ थर पॉलियुरेथेनचा असतो आणि हवेतल्या ओलाव्याने त्याचे रेणू हळूहळू तुटत जातात. खोक्यात पडून राहिलेला असा बूट काही वर्षांनी पहिल्याच चढावर बिस्किटासारखा भुगा होतो आणि सोल वाटेत सुटून हातात येतो. वेष्टनात विकल्या जाणाऱ्या मालावर तो कोणत्या महिन्यात आणि वर्षी तयार झाला हे छापणे भारतात कायद्याने बंधनकारक आहे. निम्म्या किमतीचा बूट उचलण्याआधी खोक्याच्या बाजूचा तो बारीक मजकूर वाचावा, आणि बूट तीन-चार वर्षांपूर्वीचा निघाला तर फुकटातही घेऊ नये.