मोहाची दारू : गोंड समाजातील स्थान आणि आरोग्य

सामोआ बेटांवर काळ्या मिरीच्या कुळातील एका झुडपाच्या मुळ्यांपासून केलेले 'कावा' हे पेय जसे सभा-समारंभांत मानाने दिले जाते, तसे नागपूरच्या परिसरापासून गडचिरोलीच्या जंगलांपर्यंत राहणाऱ्या गोंड समाजात मोहाच्या दारूला स्थान आहे. ती जन्म, लग्न आणि मृत्यूच्या विधींत लागते, आणि पिण्यापूर्वी तिचे थेंब 'पेन' म्हणजे देवतांना व पूर्वजांना जमिनीवर वाहिले जातात. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे गळणारी मोहाची मांसल फुले वेचून वाळवतात, मग पाण्यात आंबवून, म्हणजे त्यांतील साखरेचे मद्यार्कात रूपांतर होऊ देऊन, ते मिश्रण उकळतात आणि त्याची वाफ थंड करून दारू गाळतात. कावात मद्यार्क नसतो, त्यातील इतर द्रव्ये शरीर सैल करतात; मोहाच्या दारूत मात्र मद्यार्कच असल्याने रोजच्या सेवनाने यकृत बिघडते, आणि नवसागर घालून विक्रीसाठी काढलेली दारू तर अधिकच घातक ठरते. फूल स्वतः निर्दोष आहे, हे येथे आवर्जून सांगितले पाहिजे: वाळल्यावर त्यात भरपूर साखर राहते आणि टंचाईच्या दिवसांत त्याने अनेक घरांची भूक भागवली आहे. दारूवर मात्र गडचिरोली जिल्ह्यात 1993 पासून बंदी लागू आहे.